रोगाचं घर

वैजयंता गांगुर्डेने आजवर पानांना जितके गुण दिले, तितके एखाद्या हेडमास्तरने पोरांनाही दिले नसतील. मक्याची पैदास करणाऱ्यांचं निम्मं आयुष्य यातच जातं. सकाळी वाफ्यात शिरायचं, एकेका ओळीपुढं थांबायचं, पानं न्याहाळायची आणि रोगाला एक ते नऊ यांतला आकडा द्यायचा. एक म्हणजे पान स्वच्छ, नऊ म्हणजे झाड गेलं. एकवाल्या झाडाच्या कणसाला कागदी पिशवी बांधून त्याचा वंश पुढं वाढवायचा आणि सात-आठवाल्याकडं वळूनसुद्धा बघायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं होतं. सगळी शहाणी माणसं एकच गोष्ट करत असली, की ती चुकीची असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

याच रीतीने तिने ‘सुहरित’ हा वाण काढला होता. पिवळी मर नावाच्या विषाणूने मक्याची शेतंच्या शेतं शेंड्याच्या पोंग्यापासून वाळत चालली होती. फुलकिडे, म्हणजे नीट बघितल्याशिवाय डोळ्यांना दिसायचेही नाहीत असे बारीक किडे, तो विषाणू झाडाझाडांवर पोचवायचे. औषधं मारून लोक थकले. अशा वेळी सुहरित आला आणि सगळीकडं मर चालू असताना ढिम्म हिरवा उभा राहिला. लहान शेतकऱ्यांना तो परवडत होता, कारण त्याचं बी घरचं धरता यायचं. तिच्या माहेरच्या गावात, चांदवडच्या डोंगराखालच्या सावरदऱ्यात, त्याला सुहरित कोणी म्हणत नसे. तिथं ती ‘वैजूची मका’ होती.

त्या श्रावणात ती सावरदऱ्याला आली ती केवळ एका फोटोसाठी. तिच्या नाशिकच्या संशोधन केंद्रात नव्या चाचणीपट्ट्या आल्या होत्या. पानाचा थेंबभर रस पट्टीवर टाकायचा, झाडात विषाणू असला तर रेघ उमटते, आणि विषाणू जितका जास्त तितकी रेघ गडद. आजवर ही तपासणी प्रयोगशाळेत पाठवून करावी लागे आणि ती महाग पडे, म्हणून फक्त आजारी झाडांचीच व्हायची. हिरव्यागार झाडाची तपासणी कोण कशाला करील? धडधाकट माणसाला कोणी सलाइन लावत नाही. आता पट्टी स्वस्त झाली होती आणि केंद्राला माहितीपत्रकासाठी सुहरितचं हिरवं पान आणि शेजारी कोरी पट्टी असा फोटो हवा होता.

थोरला भाऊ प्रल्हाद गावाचा बियाणेवाला. त्याच्या शेतातून सगळ्या गावाला सुहरितचं बी जायचं. वैजयंता त्याच्या शेतात शिरली, छातीएवढ्या मक्यातलं सर्वांत देखणं पान तोडलं, चुरगळलं आणि रस पट्टीवर टाकला.

रेघ काळी कुळकुळीत उमटली.

तिने हात धुतले, नवी पट्टी घेतली. पुन्हा काळी. पट्ट्याच खराब असतील म्हणून तिने बांधावरच्या तुरीचं पान घेऊन पाहिलं. पट्टी कोरी राहिली. मग ती शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्या वापरत गेली. एकूण एक हिरव्या पानाने तिला निराश केलं. एवढा विषाणू तिने मरणाऱ्या झाडातही पाहिला नव्हता.

ती तिथंच मातीत खाली बसली. तिला समजायला वेळ लागला नाही, कारण हे तिनेच विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. विषाणू आला की झाडापुढं तीन वाटा असतात. एक, मरून जायचं. दुसरी, लढायचं: जिथं विषाणू शिरला तिथल्या आसपासच्या पेशी झाड स्वतःच मारून टाकतं, वणवा पुढं सरकू नये म्हणून जंगलात आधीच जाळपट्टा काढतात तसं. विषाणू तिथंच कोंडून मरतो, पण पानावर पिवळे-तपकिरी ठिपके राहतात आणि झाड रोगट दिसतं. तिसरी वाट म्हणजे विषाणूला घरात ठेवून घ्यायचं. तो पेशीपेशीत नांदतो, वाढतो, झाडाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते शेजाऱ्याचं, कारण फुलकिडे अशा झाडावर पोट भरून विषाणू घेऊन पुढच्या शेतात जातात.

नुसत्या डोळ्यांनी गुण दिले तर लढणाऱ्या झाडाला सात मिळतात आणि ठेवून घेणाऱ्याला एक. वैजयंताने वर्षानुवर्षं निवडून, पिशव्या बांधून, निगुतीने जे वाढवलं होतं ते विषाणूचं उत्तम बिऱ्हाड होतं. तिला त्या उघड्या शेतात, आसपास चिटपाखरू नसताना, तोंड लपवावंसं वाटलं.

“वैजू, तू कव्हा आलीस?”

बांधापलीकडून कौतिकअण्णा हाक मारत होते. कौतिक आहेर म्हणजे प्रल्हादचे बांधशेजारी, साठी ओलांडलेले, लहानपणी तिला बैलगाडीत पुढं बसवणारे. त्यांच्याही शेतात गेल्या वर्षापासून सुहरितच होता.

“बघ ना आमची मका,” ते म्हणाले. “हाये का कुठं पिवळं पान? आता माझ्या शेताकडं बोट दाखवायची कोन्हाची टाप नाही.”

वैजयंताने पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि नुसती मान हलवली.

कौतिकअण्णा असं का बोलत होते ते तिला चांगलं ठाऊक होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी सगळ्या गावाने सुहरित पेरला होता आणि ते मात्र वाडवडिलांची पांढरी मका धरून बसले होते. चोहीकडं हिरवं आणि मधे त्यांचं एकट्याचं शेत पिवळं. गाव बिथरलं. ग्रामसभेत लोकांनी तिला, शास्त्रज्ञ म्हणून, गावची लेक म्हणून, उभं केलं. ती म्हणाली, “रोग दिसतो तिथंच रोगाचं घर असतं. ते घर मोडा, गाव वाचेल.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गावाने कौतिकअण्णांच्या उभ्या मक्यात ट्रॅक्टरचा रोटर फिरवला. ते हूं की चूं करू शकले नाहीत. उरलेलं बियाणं, आढ्याला टांगलेली पांढरी कणसं, त्यांनी आपल्या हाताने चुलीत घातली. पण लोकांचं तेवढ्यावर भागलं नाही. सावरदऱ्यात सावड अजून टिकून होती: आज तुझ्या शेतात मी राबायचं, उद्या माझ्या शेतात तू. त्या वर्षी कौतिकअण्णांना सावडीला कोणी बोलावलं नाही आणि त्यांच्याकडं कोणी गेलं नाही. नवराबायकोने दोघांनीच बाकी पिकांची सगळी सुगी उरकली. वैजूची मका पेरल्यावर कुठं गाव पुन्हा त्यांच्या उंबऱ्यात यायला लागलं होतं.

“उद्या आहेस ना?” अण्णा म्हणाले. “वाडीवर चाललोय आम्ही. बर्ड्यांची मका समदी पिवळी पडली. परल्हादचा ट्रॅक्टर घेऊन काढून टाकायची. सभेत मीच मांडलं.”

“तुम्ही, अण्णा?”

“मंग कोन? ज्याच्या घरी रोग नांदला त्यालाच त्याची कळ. दुसऱ्याला काय कळनार?” ते समाधानाने हसले. “तुझंच बोलनं सांगितलं मी सभेत. घर मोडा म्हनून.”

वैजयंताने मनात एकेक शेत मांडून पाहिलं. आधी रोग प्रल्हादच्या बांधाला लागून असलेल्या शेतात दिसला. ते शेत हिरवं झालं तशी तो नाल्यापलीकडं, चढावर, बर्डेवाडीत गेला. दर वेळी हिरवं संपतं तिथून पुढं एक शेत. एवढं सरळ असूनही ते कोणाला दिसलं नव्हतं, कारण सगळे पिवळ्याकडं बघत होते, आणि बघायला तिनेच शिकवलं होतं.

दुपारी ती नाला ओलांडून वाडीवर चढली. बर्डेवाडी म्हणजे भिल्लांची पाच-सहा घरं आणि डोंगराच्या कुशीतली उतरती वावरं. तिथं अजून पांढरी मका होती, आता पंचक्रोशीत उरलेली तेवढीच. काही झाडं खरंच मेली होती. पण बाकीची उभी होती, खुरटी, ठिपक्याठिपक्यांची, बघवत नव्हती अशी. वैजयंताने एका ठिपकेवाल्या पानाचा रस पट्टीवर टाकला. पट्टी कोरी. दुसरं झाड, पट्टी कोरी. ज्या झाडांना तिने पहिल्याच वर्षी सात देऊन उकिरड्यावर टाकलं होतं, त्याच जातीची ही झाडं. केंद्राच्या शीतगृहातही त्यांचं बी नव्हतं. कमी गुणांचं बी तिथं कोणी ठेवत नाही.

“फोटो काढायला आल्या का?” शेताची मालकीण भिमाबाई बर्डे झोपडीतून बाहेर आली. पन्नाशीची, उंच, हातात सूप. “काढून घ्या. उद्या काही राह्यचं नाही म्हनं.”

“तुम्ही ‘नको’ नाही म्हणालात?”

“आमचं नको कोन ऐकतं, ताई? वरून तुम्ही शिकल्यासवरलेल्या मानसांनी सांगितलं. आमच्यामुळं गावाला रोग होतो म्हनं.” ती सूप पाखडत राहिली. “आमी तर कोन्हाच्या शेतात पायबी ठेवत नाही.”

त्याच वेळी बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण ‘चूक माझी आहे’ हे वाक्य या बाईसमोर कसं उच्चारायचं हे वैजयंताला कळेना. “बघते मी,” एवढंच ती म्हणाली आणि चोरासारखी उताराला लागली.

संध्याकाळी जेवताना तिने प्रल्हादला सगळं सांगितलं. वहिनीचा भाकरी वाढणारा हात थांबला. प्रल्हाद मात्र जेवत राहिला. त्याचा स्वभावच तसा होता, घर पेटलं तरी आधी ताट संपवणारा.

“तू म्हनतेस तर खरं असंल,” तो शेवटी म्हणाला. “पन मका तुऱ्यात येऊन राह्यली, वैजे. एवढं पीक निघू दे. दिवाळीनंतर काय सांगायचं ते सांग.”

“आणि उद्या वाडीचं?”

“ती तशीही पिवळीच हाये. तिला कोन रडतंय?” त्याने पाणी प्यायलं. “तू बोललीस तर माझं बी कोन घेईल? तुझं नाव काय राहील? कौतिकअण्णा आत्ता कुठं मान वर करून चालाया लागले. त्यांचंही शेत पुन्हा काढायला लावशील?”

खरं सांगायचं तर तिला ते पटलं. पटवून घ्यायला तिच्याकडं तर जास्तच चांगले शब्द होते. पट्टी नवी आहे, मोठ्या प्रयोगशाळेतून खातरजमा व्हायला हवी, एका दिवसाच्या निरीक्षणावर विधान करणं अशास्त्रीय आहे. कौतिकअण्णांच्या उभ्या पिकात रोटर घालायला सांगताना तिला यातलं काहीएक आठवलं नव्हतं. आपण भित्रे आहोत, आणि आपला भित्रेपणा चार बुकं शिकलेला आहे, हे तिला लख्ख दिसत होतं. तरीही ती झोपायला गेली ती गप्प राहायचं ठरवूनच. सकाळी लवकर निघायचं, जे होईल ते आपण बघायला थांबायचं नाही.

सकाळी तिची गाडी नाल्याच्या फरशीपुलापाशी अडली, कारण पुढं ट्रॅक्टर उभा होता. प्रल्हाद चालवायला, मागं रोटर, भोवती दहा-पंधरा माणसं. आणि चाकावरच्या मडगार्डवर कौतिकअण्णा बसले होते, पांढरी इस्तरीची टोपी, धुतलेला सदरा, कपाळाला गंध. लग्नाला निघावं तसे ते नटले होते. दोन वर्षांपूर्वी ज्याला गावाने बाजूला टाकलं होतं, तो माणूस आज गावाच्या पुढं बसला होता.

तिला बघून त्यांनी हात हलवला. “ये, वैजू. तूच नारळ फोड.”

वैजयंता गाडीतून उतरली आणि ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“ट्रॅक्टर बंद कर, दादा.”

“वैजे, बाजूला हो,” प्रल्हाद हळूच म्हणाला.

“रोगाचं घर वाडीत नाही,” ती म्हणाली, आणि आपला आवाज ग्रामसभेतल्यासारखा खणखणीत नाही, हे तिचं तिलाच ऐकू आलं. “ते माझ्या मकेत आहे. ती हिरवी दिसते, पण आतून विषाणूने भरलेली आहे. तिच्यावरचे किडे वाडीत रोग नेतात. वाडीची मका ठिपक्यांची आहे, पण तिच्यात रोग नाही. काल मी तपासलं.”

घोळक्यातून उपसरपंच म्हणाले, “मॅडम, घर मोडा म्हनून तुम्हीच सांगितलं व्हतं ना?”

“हो. चुकीचं सांगितलं.”

“मशीन बिघडली असंल,” मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

कौतिकअण्णा हसले नाहीत. ते सावकाश खाली उतरले, वाटेलगतच्या आपल्याच शेतात गेले आणि एक रुंद हिरवं पान तोडून आणलं. “दाखव.”

तिने पट्टी काढली. काळी रेघ उमटताना सगळे माना वाकवून बघत होते. तिने शेजारी कालची वाडीतली कोरी पट्टी ठेवली आणि कोणती कुठली ते सांगितलं.

“माझी पांढरी मका?” अण्णांनी विचारलं.

“तिचा काही दोष नव्हता, अण्णा. तुमच्या शेतात रोग दादाच्या शेतातून येत होता. माझ्या वाणातून.”

अण्णांनी टोपी काढली. ती हातात फिरवत ते म्हणाले, “म्हंजे गाव खोटं व्हतं.”

“गाव नाही. मी.”

“आन मी दोन वर्सं घरात हिला सांगतोय, आपल्यातच काही खोट असंल, गाव उगाच नाही बोलत.” त्यांनी वर वाडीकडं पाहिलं. भिमाबाई आपल्या बांधावर उभी होती. अण्णांची नजर लगेच खाली आली. ट्रॅक्टरवर बसून आपण कुठं निघालो होतो, हे त्यांना त्या क्षणी उमगलं असावं. “आता काय करायचं?”

“वाडीच्या खालची शेतं आधी मोकळी करावी लागतील. किडे तिथूनच वर चढतायत. बाकी गावाचं नंतर बघता येईल.”

“खालची म्हंजे कोनती?”

“दादाचं,” ती म्हणाली.

“आन माझं.”

“हो, अण्णा.”

“पुन्यांदा माझं.”

“हो.”

लोक एकेक करून पांगले. जाताना कोणी अण्णांशी बोललं नाही, तिच्याशीही नाही. जो तो आपल्या वहाणांकडं बघत चालला होता. प्रल्हादने बहिणीकडं न बघता ट्रॅक्टर वळवला. थोड्या वेळाने त्याच्या शेतातून रोटरचा आवाज येऊ लागला. तो शास्त्रासाठी पीक मोडत होता असं नाही. एवढ्या माणसांदेखत शब्द निघाल्यावर त्याचं बी तसंही कोणी घेणार नव्हतं. भिमाबाई विळा घेऊन आपल्या बांधावर बसली आणि दिवसभर हलली नाही. ट्रॅक्टर पुन्हा वळणार नाही, यावर विश्वास ठेवायला तिच्याजवळ काहीच कारण नव्हतं.

अण्णांनी प्रल्हादचा ट्रॅक्टर नको म्हटलं. ते आणि त्यांची बायको वत्सलाकाकू, दोघंच, छातीएवढा मका हाताने उपटायला लागले. सदरा तोच होता, गंध घामाने ओघळलं होतं. वैजयंता पदर खोचून सरीत उतरली आणि तिने मक्याच्या एका ताटाला हात घातला.

“हात लावू नको,” अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “बांधावर जा.”

“अण्णा, मला करू द्या. दोघांना होणार नाही.”

“मागल्या टायमाला तू सभेत बोललीस आन गाडीत बसून नाशकाला निघून गेलीस. माझी मका मोडताना तू काही पाह्यलं नाहीस. समदा गाव पाहत व्हता, तूच तेवढी नव्हतीस.” त्यांनी एक ताट उपटून बाजूला टाकलं. “आज पाहा. इथं उभी राहून समदं पाहा.”

ती बांधावर येऊन उभी राहिली. ऊन चढत गेलं. वाटेने जाणारी माणसं थबकून तिच्याकडं बघत आणि पुढं जात. हिरवीगार ताटं एकामागून एक आडवी पडत होती, आणि त्यातल्या एकाही पानावर साधा डागसुद्धा नव्हता.

दुपारी वत्सलाकाकू कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. तांब्या घेऊन त्या बांधापाशी आल्या, तिला पाणी दिलं, आणि तिच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, “बस गं जराशी. किती वेळची उभी हायेस.”

“राहू दे तिला उभी,” अण्णा शेतातून म्हणाले. “अजून निम्मं राह्यलंय.”

काकूंनी रिकामा तांब्या घेतला आणि त्या पुन्हा सरीत उतरल्या. वैजयंता उभी राहिली.